तुपाच्या वेषांतलें तेल

आपल्या भाषेंतला 'तेल' हा शब्द संस्कृत 'तैल' यापासून आला, आणि 'तैल' म्हणजे तिळापासून निघालेलें. एका बियेच्या स्नेहाचें नांव पुढें साऱ्याच बियांच्या स्नेहाला मिळालें, यावरून तिळाचा मान किती जुना असेल याची कल्पना येते. हडप्पा येथील उत्खननांतही जळालेले तीळ सांपडले आहेत. भुईमूग मात्र परका. तो मूळचा दक्षिण अमेरिकेचा, युरोपीय व्यापाऱ्यांच्या मागोमाग इकडे आला आणि देशावरच्या फोडणीचा धनी होऊन बसला. कोंकणांत व गोमंतकांत नारळ, सोलापूर-मराठवाड्याकडे करडई, विदर्भांत जवस, अशी ज्या त्या प्रांताची आपापली बी होती. तेल्याचा घाणा गांवांतच फिरे. बी कोणती आणि ती कोणाच्या शेतांतली, हें घेणाऱ्याला ठाऊक असे. श्रोतेहो, ही ओळख कशी तुटली आणि तिची किंमत कोणीं दिली, ती हकीकत आज सांगावयाची आहे.

तेल पातळ आणि तूप थिजणारें, हा भेद निसर्गानें घातलेला. तो पुसण्याची युक्ति विसाव्या शतकाच्या आरंभीं युरोपांत निघाली. निकेल धातूच्या बारीक चूर्णाच्या सान्निध्यांत हायड्रोजन वायु कित्येक सेंद्रिय द्रव्यांशीं संयोग पावतो, हें पॉल साबात्ये या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानें दाखविलें. त्याबद्दल त्यास १९१२ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें. विल्हेल्म नॉर्मन या जर्मन शास्त्रज्ञानें तीच रीत पातळ तेलाला लावली व १९०२ सालीं तिचें पेटंट घेतलें. साबण आणि कृत्रिम लोणी यांसाठीं लागणारी घट्ट चरबी आतां स्वस्त तेलांतून मिळूं लागली.

हिंदुस्थानांत या मालाला निराळेंच गिऱ्हाईक होतें. साजूक तूप महाग, आणि पाहुण्याच्या पानांत तूप नसणें ही तर लाजेची गोष्ट! प्रथम हा माल परदेशांतून येई. १९३२ सालीं तो मुंबईस शिवडी येथें तयार होऊं लागला. १९३७ सालीं 'डालडा' हें नांव बाजारांत आलें, आणि पुढें तें सामान्यनामच होऊन गेलें.

लवकरच वाद पेटला. गांधीजींनीं 'हरिजन' पत्रांतून वनस्पतीविरुद्ध लिहिलें. १९३४ सालीं स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघानें वर्ध्याच्या मगनवाडींत लांकडी घाण्याच्या सुधारणेचें काम हातीं घेतलें. स्वातंत्र्यानंतर संसदेंतही बंदीची मागणी झाली. पोषणाविषयींच्या शंका होत्याच. परंतु सर्वांत मोठा ओरडा होता तो भेसळीचा. साजूक तुपांत वनस्पति मिसळली तर ती डोळ्यांना ओळखूं येत नसे. यावर सरकारनें मोठा चतुर उपाय योजिला. प्रत्येक वनस्पतींत निदान ५ टक्के तिळाचें तेल घालण्याची सक्ति केली. तिळाच्या तेलाचा एक गुण असा कीं, हायड्रोक्लोरिक आम्ल व फर्फ्युरल यांच्याबरोबर हलविलें असतां तें आम्लाला गुलाबी रंग आणतें. तुपाच्या परीक्षेंत हा रंग दिसला कीं भेसळ पकडली गेलीच. शिवाय वनस्पतींत 'अ' जीवनसत्त्व घालण्याचाही नियम झाला. आतां माल निर्धोक झाला, असें पुष्कळांनीं मानलें.

त्या मानणाऱ्यांत आमचें घरही होतें. माझ्या आईनें दिवाळीच्या करंज्या वर्षानुवर्षें वनस्पतींतच तळल्या. मिळकत बेताची, तरी मुलांच्या पोटांत तूप जातें, याचें तिला समाधान असे. रिकाम्या डब्यांत ती तुळस लावी. पुढें मी शिक्षक झालों, तेव्हां निकेल आणि हायड्रोजन यांच्या योगानें तेलाचें तूप कसें होतें, हा विज्ञानाचा चमत्कार मी वर्गांत अभिमानानें सांगत असें. ''गुरुजी, मग मूळच्या तेलांत आणि यांत फरक काय?'' असें एका विद्यार्थ्यानें विचारलें. ''फक्त थिजण्याचा,'' असें उत्तर मीं दिलें. तें उत्तर चुकीचें होतें.

तेलाच्या रेणूंत कार्बनच्या लांब सांखळ्या असतात. असंपृक्त तेलांत या सांखळ्यांना बांक असतो. म्हणून त्या एकमेकींस बिलगून बसत नाहींत व तेल पातळ राहतें. हायड्रोजन पुरता भरला तर संपृक्त चरबी तयार होते. पण ती मेणासारखी कठीण. म्हणून कारखान्यांत तो अर्धवटच भरीत. या अर्धवट क्रियेंत कांहीं सांखळ्या हायड्रोजन न घेतांच आपला बांक टाकून सरळ होतात. हीच ट्रान्स चरबी. १९९० सालीं नेदरलंडमधील मेन्सिंक व काटन यांनीं ५९ निरोगी माणसांना निरनिराळ्या चरबीचा आहार देऊन त्यांचें रक्त तपासलें. ट्रान्स चरबीनें अपायकारक कोलेस्टेरॉल वाढलें आणि हितकर कोलेस्टेरॉल उतरलें. संपृक्त चरबीनें पहिलें वाढलें, पण दुसरें उतरलें नाहीं. तुपाची नक्कल तुपाहूनही वाईट ठरली!

डेन्मार्कनें २००३ सालीं ट्रान्स चरबीवर २ टक्क्यांची मर्यादा घातली. आपल्याकडे ती टप्प्याटप्प्यानें खालीं आली: २०२१ सालीं ३ टक्के, आणि २०२२ च्या जानेवारीपासून २ टक्के. शिवडीच्या कारखान्यापासून मोजलें तर ९० वर्षें लागलीं.

मग आज स्वयंपाकघरांत काय ठेवावें? कोणत्याही एकाच नांवाच्या मागें लागूं नये, असें हा इतिहास सांगतो. साजूक तुपांत संपृक्त चरबी ६० टक्क्यांच्या आसपास, आणि खोबरेल तेलांत ती सुमारें ९० टक्के; तेव्हां हीं दोन्ही चवीपुरतीं बरीं. करडईच्या नेहमींच्या तेलांत सुमारें ७५ टक्के लिनोलेइक आम्ल असतें. तें शरीराला हवेंच. पण असें तेल वारंवार तापविलें तर लवकर बिघडतें. भुईमुगाच्या तेलांत सुमारें निम्मा भाग ओलेइक आम्लाचा, म्हणून तें आंच अधिक सोसतें. तेलें आलटून-पालटून वापरावीं, तीं मोजून वापरावीं, आणि तळणीचें उरलेलें तेल पुनःपुन्हां कढईंत ओतूं नये, असें आजचे आहारशास्त्रज्ञ सांगतात. बाजारच्या खारी-बिस्किटांच्या वेष्टणावर कोणती चरबी छापली आहे, हेंही वाचावें.

तिळाच्या त्या ५ टक्क्यांकडे माझें मन वारंवार वळतें. त्या परीक्षेनें तुपांत वनस्पति आहे कीं नाहीं हें अचूक सांगितलें. वनस्पतींत काय आहे, हें तिला कोणीं विचारलेंच नाहीं. पदार्थाचें नांव खरें कीं खोटें एवढें पाहून आपण थांबलों. तो कसा झाला आणि शरीरांत गेल्यावर काय करतो, हा प्रश्न मागें राहिला. माझ्या वर्गांतल्या त्या मुलानें तो विचारला होता. त्याची गांठ पडली तर माझें उत्तर मी दुरुस्त करीन. आज तें आपणांसमोर दुरुस्त केलें आहे.