दुसरी प्रत कोठे ठेवावी?



गेल्या पावसाळ्यात आमच्या गच्चीवरील पाण्याची टाकी रात्री फुटली आणि तिचे पाणी छतातून झिरपत नेमके माझ्या लिहिण्याच्या मेजावर उतरले. मेजावर संगणक होता आणि त्याच मेजाच्या खणात बॅकअपची हार्ड डिस्क. निवृत्त झाल्यावर तीन वर्षे खपून मी आईची सारी पत्रे व घरातील जुनी छायाचित्रे स्कॅन करून संगणकात उतरविली होती. मूळ पत्रांना कसर लागलेली. नक्कल झाली, आता जीर्ण कागद कशाला ठेवावयाचे, म्हणून मी ते नदीत सोडून दिले होते. सकाळी पाहतो तो संगणक व डिस्क दोन्ही पाण्यात. दुरुस्ती करणाऱ्याने थोडी छायाचित्रे काढून दिली. आईचे पत्र मात्र एकही हाती लागले नाही.

इतकी वर्षे मुलांना इतिहास शिकविणाऱ्या मनुष्याच्या हातून ही चूक घडावी याचे मला अधिक वाईट वाटले. कारण हीच चूक आपल्या वाङ्मयाच्या आरंभीच घडून गेलेली आहे.

लीळाचरित्र हा मराठीतील आद्य गद्यग्रंथ. श्रीचक्रधरस्वामी निघून गेल्यावर म्हाइंभटांनी गावोगाव हिंडून, ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिले होते त्यांच्या मुखातून एकेक लीळा गोळा केली आणि सुमारे १२७८ साली हा ग्रंथ सिद्ध केला. असा ग्रंथ म्हटला म्हणजे त्याची काळजी किती घेतली जावी! परंतु चौदाव्या शतकाच्या आरंभी देवगिरीच्या राज्यावर उत्तरेकडील फौजा चालून आल्या, महानुभाव मंडळींची पांगापांग झाली आणि त्या धामधुमीत मूळ पोथी नाहीशी झाली, असे पंथाची परंपरा सांगते. पळणाऱ्याच्या गाठोड्यात असलेली पोथी पळणाऱ्याच्याच संकटात सापडली, दुसरे काय! पुढे हिराइसा नावाच्या बुद्धिमती साध्वीला ग्रंथ मुखोद्गत होता, तिच्या स्मरणातून तो पुन्हा उभा राहिला. इतरांनीही आपापल्या आठवणीप्रमाणे पाठ सिद्ध केले. आज लीळाचरित्राचे जे निरनिराळे पाठ आढळतात व ज्यांपायी संशोधकांना इतके श्रम पडतात, त्यांचे मूळ या आपत्तीत आहे. म्हणजे त्या काळी खरा बॅकअप एका बाईच्या डोक्यात होता. माझ्या आईच्या पत्रांना अशी हिराइसा कोणी नव्हती.

तेव्हा प्रती किती आहेत याहून त्या कोणत्या संकटाच्या टापूत आहेत हे आधी पाहावयास हवे. पुणेकरांना हे समजावून सांगण्याची गरज पडू नये. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले. त्याच्या खाली खडकवासल्याचे जुने धरण होते. एक धरण गेले तर दुसरे आहे, असे कोणी म्हणू शकला असता. परंतु दोन्ही एकाच पाण्याच्या वाटेवर! वरचा लोंढा आला, त्याने खालचेही फोडले आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. संगणक मेजावर व डिस्क खणात ही माझी व्यवस्था याच जातीची होती. चोर आला तरी तो दोन्ही उचलून नेईल, आणि आग तर खण व मेज असा भेद करीतच नाही. डिस्क संगणकाला सदैव जोडून ठेवली तर संगणकात शिरलेला खंडणीखोर विषाणू तिलाही कुलूप घालतो.

यावर तरुण मंडळी म्हणतात, मास्तर, क्लाउडमध्ये ठेवा. ठेवावे; मीही आता ठेवतो. परंतु ‘क्लाउड’ या शब्दाने फसू नये. तो आकाशातला मेघ नव्हे, कोणाच्या तरी मालकीची, जमिनीवर उभी असलेली इमारत आहे. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच कंपनीची अशी एक इमारत जळून खाक झाली, आणि कित्येक गिऱ्हाइकांना तेव्हा कळले की आपली दुसरी प्रतही त्याच आवारात होती. दक्षिण कोरियात देजॉन येथे २६ सप्टेंबर २०२५ रोजी सरकारी केंद्राला आग लागली. तीत सरकारी नोकरांच्या कामाची ८५८ टेराबाइट सामग्री गेली, कारण तिची प्रत बाहेर कोठेही नव्हती. जेथे सरकारे चुकतात तेथे माझ्यासारख्याची काय कथा!

पीटर क्रोग नावाच्या एका अमेरिकन छायाचित्रकाराने रूढ केलेला नियम मला पसंत पडला : प्रती तीन, साधने दोन प्रकारची, आणि एक प्रत घराबाहेर. घराबाहेर म्हणजे शेजाऱ्याकडे नव्हे. शेजारी माझ्याच छताखाली, माझ्याच नदीकाठी राहतो.

आणखी एक गोष्ट महानुभावांकडूनच शिकावयाची आहे. पुढे त्यांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. पोथ्या मठामठांतून पसरल्या, जपल्या गेल्या. परंतु पंथाबाहेर त्या कोणालाच वाचता येईनात. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे, वि. ल. भावे प्रभृतींच्या खटपटीने किल्ली हाती आली, तोवर मराठीच्या आद्य गद्याला महाराष्ट्र जवळजवळ मुकला होता. आपला पासवर्ड ही आपली सकळ लिपीच होय. तो एकट्या माझ्या डोक्यात असेल, तर माझ्यामागे माझी डिस्क म्हणजे नुसता लोखंडाचा तुकडा.

हल्ली मी असे केले आहे. एक प्रत घरी, पण संगणकाच्या खोलीत नव्हे, एक क्लाउडमध्ये, आणि एक डिस्क सोलापूरला धाकट्या बहिणीकडे. दर भाऊबीजेला ती येताना जुनी डिस्क घेऊन येते व ओवाळणीबरोबर नवी घेऊन जाते. जुनी मी तिच्यासमोर उघडून पाहतो, कारण न उघडलेल्या डिस्कची खात्री कोणी द्यावी? यंदा तिने स्वतःजवळची आईची दोन पत्रे पेटीतून शोधून आणली. ती लगेच स्कॅन केली, आणि या खेपेस कागद नदीत सोडले नाहीत. पासवर्ड एका लखोट्यात घालून पत्नीच्या स्वाधीन केला आहे. मोडी मला येते, पण तो मी स्वच्छ बाळबोध अक्षरात लिहिला आहे.