लग्न झाले नाही म्हणून बापाची जबाबदारी संपत नाही

मुलीला दिवस गेले की सगळे जाब तिलाच विचारतात. मुलगा मात्र "आमचे लग्न कुठे झाले?" म्हणत अंग काढून घेतो. कायदा त्याला ही पळवाट देत नाही.

मुलाची पोटगी
ऐपत असूनही अल्पवयीन मुलाला न सांभाळणाऱ्या बापाला न्यायालय दरमहा पोटगी द्यायला लावते. मूल लग्नाचे की लग्नाबाहेरचे, हा प्रश्नच नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ (पूर्वीचे कलम १२५) तसे सांगते. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६ बौद्धांनाही लागू आहे. त्याचे कलम २० ही जबाबदारी आई-बाप दोघांवर टाकते.

बाप नाकारत असेल तर
न्यायालय डीएनए चाचणीचा आदेश देऊ शकते. चाचणी टाळणाऱ्याविरुद्ध अनुमानही काढू शकते. म्हणून मेसेज, फोटो, दवाखान्याची कागदपत्रे जपून ठेवा.

पोटगी थकवली तर
वॉरंट निघते आणि तुरुंगवासही होऊ शकतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या निकालानुसार पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळते.

स्त्रीचे हक्क
दोघे नवरा-बायकोसारखे एकत्र राहत असतील, तर कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ खाली ती स्वतःसाठीही खर्च मागू शकते. गर्भपातासाठी सज्ञान स्त्रीची संमती पुरेशी आहे, पुरुषाची सही लागत नाही. तिच्या संमतीशिवाय गर्भपात घडवणे हा जन्मठेपेपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे. लग्नाचे खोटे वचन देऊन शरीरसंबंध ठेवल्यास १० वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मुलगी १८ वर्षांखालील असेल तर तिची 'संमती' धरली जात नाही, थेट पोक्सो लागतो.

दाद कुठे मागायची?
पोटगीसाठी कुटुंब न्यायालयात. ते नसेल तेथे प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. स्त्रिया, मुले आणि अनुसूचित जाती-जमातींना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१००.

बाबासाहेबांच्या पक्षाने १९३८ मध्येच मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव मांडला होता. तिसरे शील आपण रोज म्हणतो. ते मुलींवर पहारा ठेवण्यासाठी नाही, प्रत्येकाने स्वतः पाळण्यासाठी आहे. विहारातल्या शिबिरांत "जपून राहा" हे मुलींना सांगून होते. आता बापाची जबाबदारी काय असते, हे मुलांनाही सांगा.