आरेच्या पाड्यावरचे गाणे
‘द वारली रिव्होल्ट’ हे मुंबईच्या ‘स्वदेसी’ या रॅप करणाऱ्या मंडळींचे २०१९ मधले सुटे गाणे आणि त्याचा व्हिडिओ. समूहातला ‘मवाली’ मराठीत रॅप करतो. त्याच्या जोडीला मुंबईतल्याच आरेतल्या केलटीपाड्याचे वारली कलावंत प्रकाश भोईर यांचा आवाज आहे. साचा हिप-हॉपचा असला तरी वृत्ती पंक रॉकची. मराठीत पंकची गिटार फारशी रुजली नाही, पण पंकने रूढ केलेली रीत रॅपमधून इथे पोचली.

ती रीत लंडन आणि मँचेस्टरची. ‘सेक्स पिस्टल्स’चे ‘गॉड सेव्ह द क्वीन’ २७ मे १९७७ रोजी, राणीच्या रौप्यमहोत्सवाच्या ऐन तोंडावर आले. आधीच्या रेकॉर्ड कंपनीने त्याच्या छापलेल्या बहुतेक तबकड्या नष्ट केल्या होत्या आणि बीबीसीने ते वाजवायला नकार दिला, तरी ब्रिटनच्या अधिकृत यादीत ते दुसऱ्या क्रमांकावर पोचले. त्याच वर्षी जानेवारीत मँचेस्टरच्या ‘बझकॉक्स’ने उसनवारी करून आपली तबकडी स्वतःच काढली होती. पुढच्या काळाला हा धडा जास्त उपयोगी पडला. म्हणायचे आहे ते एकाच गाण्यात म्हणावे आणि कुणाच्या परवानगीसाठी थांबू नये, असा तो धडा होता. इंटरनेट आल्यावर तर तबकडीचा खर्चही उरला नाही.

महाराष्ट्राला मात्र हे लंडनकडून शिकण्याची गरज नव्हती, असेही म्हणता येईल. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांचे लाल बावटा कलापथक १९४४ पासून डफ-तुणतुण्यावर हेच काम करत होते. अण्णाभाऊंच्या ‘माझी मैना’ या छक्कडीत संयुक्त महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या भागांत उंबरगावचे नाव येते, आणि वारली उठावाची भूमी तीच.

तो उठाव १९४५ चा. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या तलासरी, डहाणू, उंबरगाव भागात जमीनदार व सावकार वारल्यांकडून वेठ घेत. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवराबायको दोघेही धन्याचे ‘लग्नगडी’ होऊन राबत. मे महिन्यात झरी गावी किसान सभेच्या बैठकीत हजारो वारल्यांनी वेठ नाकारली. सभेचे नेते गोदावरी आणि शामराव परुळेकर त्यांच्यासोबत होते. १० ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मारले गेले. गोदावरीबाईंनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात ही हकिगत लिहिली.

‘स्वदेसी’ने या उठावाचे नाव आरेच्या झाडांसाठी घेतले. मेट्रो-३ च्या कारशेडची जागा आरेत ठरली होती आणि त्यासाठी तिथली झाडे तोडली जाणार होती. शहराच्या लेखी ती सरकारी दुग्धवसाहतीची मोकळी जमीन. पाड्यांवरच्या वारल्यांना ते पिढ्यान्‌पिढ्यांचे घर. भोईरांमुळे गाण्यात हा दुसरा पक्ष स्वतःच्या आवाजात बोलतो. बाहेरचा कुणी वारल्यांच्या वतीने ओरडत नाही, हीच या गाण्याची खरी ताकद.

या समूहात मराठी एका वळणाची नाही. त्यातला ‘हंड्रेड आरबीएच’ म्हणजे सौरभ अभ्यंकर हा अमरावतीचा. त्याची वऱ्हाडी ढंगाची भाषा वरुडपलीकडे, मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा आणि सौसरच्या श्रोत्यालाही घरचीच वाटावी. मराठीच्या जोडीला समूहात गुजरातीही होती; तिच्यात रॅप करणारा ‘तोडफोड’, म्हणजे धर्मेश परमार, मार्च २०२२ मध्ये अवघ्या चोविसाव्या वर्षी गेला.

गाण्याने झाडे वाचली नाहीत. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी उच्च न्यायालयाने झाडतोडीविरुद्धच्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री तोड सुरू झाली. ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने ती थांबवेपर्यंत २,१४१ झाडे पडली होती. कारशेड आधी कांजूरमार्गला नेण्याचे ठरले, २०२२ मध्ये ती पुन्हा आरेत आली, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये मेट्रो-३ चा पहिला टप्पा आरेपासूनच सुरू झाला.