हीट प्रेस निवडताना...

गोविंदा पथकांच्या जर्सी, गणेशोत्सव मंडळांचे टी-शर्ट, शाळांच्या क्रीडा महोत्सवाचे गणवेश, सोसायटीच्या क्रिकेट स्पर्धेसाठी नाव आणि क्रमांक छापलेले शर्ट... कपड्यांवरील छपाईला आता जवळजवळ वर्षभर मागणी असते. तिरुपूरहून येणारे कोरे टी-शर्ट घाऊक बाजारात सहज मिळतात. डिझाइनची छापील फिल्मही बाहेरून तयार करून घेता येते. त्यामुळे घरातील एका खोलीत, एका 'हीट प्रेस'च्या जोरावर हा व्यवसाय सुरू करणाऱ्यांची संख्या मोठी आहे. मात्र, यंत्राची निवड करताना बहुतेकांचे लक्ष किमतीवरच असते. तिची खरी परीक्षा होते ती पहिल्या मोठ्या ऑर्डरच्या वेळी.

समजा, कोरा टी-शर्ट १६० रुपयांना पडतो आणि छपाई करून दिल्यावर एका शर्टामागे ४० रुपये सुटतात. अशा वेळी एक शर्ट बिघडला, तर चार शर्टांचा नफा बुडतो. शंभर शर्टांच्या ऑर्डरमध्ये पाच शर्ट वाया गेले, तर वीस शर्टांची मेहनत फुकट जाते. फिल्मचा खर्च आणि ग्राहकाचा रोष वेगळाच. त्यामुळे यंत्र खरेदी करताना वाचवलेले दोन-चार हजार रुपये काही ऑर्डरींतच कसे निघून जातात, हे लक्षात येण्यास वेळ लागत नाही.

तीन गोष्टींचा मेळ

हीट प्रेसचे काम तसे साधे असते. वरची प्लेट विजेवर तापते, खालच्या प्लेटवर रबरी पॅड असते आणि त्यावर कपडा अंथरून वरची प्लेट ठरावीक वेळ दाबली जाते. तापमान, दाब आणि वेळ या तीन गोष्टींवर सारे अवलंबून असते. तापमान कमी पडले, तर फिल्मवरील गोंद नीट वितळत नाही आणि दोन-चार धुण्यांत छपाईच्या कडा सुटू लागतात. ते जास्त झाले, तर कपडा पिवळा पडतो किंवा त्यावर प्लेटची चौकट उमटते. एका कोपऱ्यात दाब कमी पडला, तर नेमका तेवढाच भाग उचलला जातो. यंत्र चांगले की वाईट, हे या तिन्ही गोष्टी ते प्रत्येक वेळी आणि संपूर्ण प्लेटवर सारख्या देते का, यावर ठरते.

आधी काम, मग यंत्र

कोणत्या पद्धतीने छपाई करायची, हे आधी निश्चित करावे. 'सब्लिमेशन' पद्धतीत शाई वायुरूप होऊन धाग्यात शिरते. ही पद्धत पांढऱ्या किंवा फिक्या पॉलिएस्टरसाठीच योग्य ठरते. सुती कपड्यावर हा रंग टिकत नाही. यासाठी साधारण १९० ते २०० अंश सेल्सिअस तापमान आणि ४० ते ६० सेकंद लागतात. गेल्या काही वर्षांत रूढ झालेली 'डीटीएफ' फिल्म आणि क्रमांकासाठी वापरले जाणारे 'व्हिनाइल' सुती तसेच गडद रंगाच्या कपड्यांवरही चालते. त्यासाठी बहुधा १५० ते १६५ अंश तापमान आणि १० ते १५ सेकंद पुरतात. अर्थात, अंतिम आकडे फिल्मच्या उत्पादकाने दिलेलेच पाळावेत.

जर्सीच्या कामात एक धोका विशेष असतो. लाल किंवा गडद पॉलिएस्टरवर पांढरा क्रमांक जास्त तापमानात दाबला, तर कपड्याचा रंग वर चढून क्रमांक गुलाबी पडतो. काही वेळा हा दोष दुसऱ्या दिवशी, माल दिल्यानंतर दिसतो. अशा कपड्यांसाठी कमी तापमानाला चिकटणारे साहित्य लागते आणि दाखवलेल्या आकड्यावर स्थिर राहणारे यंत्रही. एकाच रंगाचे हजारो शर्ट छापायचे असतील, तर स्क्रीन प्रिंटिंगच स्वस्त पडते. हीट प्रेस उपयोगी पडतो तो कमी नगांच्या, अनेक रंगांच्या आणि प्रत्येक शर्टावर वेगळे नाव असलेल्या कामांसाठी.

कोणता प्रकार घ्यावा?

शिंपल्याप्रमाणे उघडणारा 'क्लॅमशेल' प्रकार कमी जागेत मावतो, स्वस्त असतो आणि टी-शर्टसाठी पुरेसा ठरतो. मात्र, कपडा नीट करताना हात तापलेल्या प्लेटच्या जवळ जातात. शिवाय बिजागरीकडच्या बाजूला आणि पुढच्या बाजूला दाब कमी-जास्त होण्याची शक्यता असते. वरची प्लेट बाजूला फिरणाऱ्या 'स्विंग' प्रकारात दाब सरळ खाली येतो. जाड हुडी किंवा फरशीसारख्या वस्तूंसाठी तो अधिक सोयीचा असतो. त्याला जागा मात्र जास्त लागते. टोपी, मग, बशी आणि टी-शर्ट असे सारे एकाच यंत्रावर करून देणारे 'एकात अनेक' संच आकर्षक वाटतात. पण दर वेळी प्लेट आणि वायर बदलण्यात वेळ जातो. रोजचे काम टी-शर्टचेच असेल, तर त्यासाठी स्वतंत्र यंत्र घेणे हिताचे.

आकाराच्या बाबतीत ३८ बाय ३८ सेंटिमीटरची, म्हणजे १५ बाय १५ इंचांची प्लेट सुरुवातीला पुरते. मोठ्यांच्या जर्सीवर पाठभर डिझाइन करायचे असेल, तर ४० बाय ५० सेंटिमीटरची प्लेट घ्यावी. डिझाइन दोनदा दाबून पूर्ण करण्याच्या प्रयत्नात मध्ये रेघ उमटते.

दुकानातच तपासा

यंत्र चालू करून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. तापमान १६० अंशांवर ठेवून ते स्थिर होऊ द्यावे आणि प्लेटच्या नऊ ठिकाणी मोजणी करावी. पाच अंशांपर्यंतचा फरक चालू शकतो. तो दहा-पंधरा अंशांचा असेल, तर ते यंत्र टाळावे. नंतर आठ-दहा वेळा लागोपाठ दाबून पुन्हा मोजावे. पातळ प्लेट लवकर थंड होते आणि विसाव्या शर्टाला पहिल्याइतकी उष्णता मिळत नाही. दाब तपासण्यासाठी चार कोपऱ्यांत आणि मध्यभागी कागदाच्या पट्ट्या ठेवून थंड यंत्र बंद करावे. एखादी पट्टी सहज ओढून निघाली, तर तेथे दाब कमी आहे, असे समजावे. पडद्यावरील आकडा सेल्सिअसमध्ये आहे की फॅरेनहाइटमध्ये, हेही पाहावे. १६० अंश सेल्सिअस म्हणजे ३२० अंश फॅरेनहाइट. या गोंधळात कपडा जळू शकतो. नियंत्रक आणि तापणारी प्लेट यांची हमी किती काळाची, सुटे भाग शहरात मिळतात का, याची लेखी माहिती घ्यावी.

वीज आणि पावसाळा

१८०० वॉटचे यंत्र २३० व्होल्टवर सुमारे ८ अँपिअर वीज ओढते. घरातील पंख्या-दिव्यांचा ६ अँपिअरचा सॉकेट त्यासाठी चालत नाही. स्वतंत्र १६ अँपिअरचा सॉकेट, योग्य जाडीची वायर आणि चांगले अर्थिंग हवेच. घरगुती जोडणीवर व्यवसाय करता येईल का, याची वीज कंपनीच्या कार्यालयात आधीच चौकशी करावी. टेबल भक्कम असावे, खोलीत हवा खेळती असावी आणि मुले यंत्रापर्यंत पोहोचणार नाहीत, याची काळजी घ्यावी.

मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात सुती कपडा हवेतील ओल शोषून घेतो. ही ओल वाफ होऊन चिकटण्याच्या आड येते. म्हणून फिल्म ठेवण्यापूर्वी कोरा कपडा तीन ते पाच सेकंद दाबून कोरडा करावा. गोविंदा आणि गणपती या दोन्हींची कामे पावसाळ्यातच येतात, हे विसरून चालणार नाही.

भांडवल कमी असेल, तर २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मुद्रा योजनेच्या 'शिशु' गटात ५० हजार रुपयांपर्यंत विनातारण कर्ज मिळू शकते. मात्र, कर्जाचा हप्ता यंत्र बंद पडले तरी थांबत नाही. त्यामुळे पहिली ऑर्डर घेण्यापूर्वी स्वतःच्या दोन-तीन शर्टांवर छपाई करावी, ते दिवसभर ठेवून पाच वेळा धुवावेत आणि मगच ग्राहकाला शब्द द्यावा. या व्यवसायात पुढची ऑर्डर मिळते ती धुतल्यानंतरही टिकलेल्या छपाईमुळेच.