सुताच्या लटीतला हातचा

बेरीज हा काय व्याख्यानाचा विषय झाला, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. पण वर्धा जिल्ह्यात हा प्रश्न एकदा देशाच्या शिक्षणाशी जोडला गेला होता. त्याचीच आठवण आज करावयाची आहे.

पंतोजींच्या शाळेत मुलाकडून पावकी, निमकी, सवायकी, दिडकी घोकून घेत. त्या पाठांतराच्या बळावर दुकानदाराची जीभ हिशेबात अडखळत नसे. पुढे छापील पुस्तकांच्या शाळेत एककाखाली एकक, दशकाखाली दशक मांडून ‘हातचा एक’ म्हणण्याची रीत रुळली. रीत उत्तमच. पण हा हातचा कोठून आला, असे मुलाला विचारून पाहा. पुष्कळदा उत्तर येते, ‘गुरुजींनी सांगितले म्हणून!’

२२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. सात वर्षे सक्तीचे मोफत शिक्षण, मातृभाषा हे माध्यम आणि हस्तोद्योग हे केंद्र, असा तिचा विचार होता. अभ्यासक्रम आखण्यासाठी डॉ. झाकिर हुसेन यांची समिती नेमली गेली. विनोबा भावे, काका कालेलकर, किशोरलाल मशरूवाला हे तिचे सभासद होते. गणित हे हस्तोद्योगातील, घरातील व गावातील व्यवहारातून शिकवावे, असे समितीने सांगितले. १९३८ मध्ये हिंदुस्थानी तालीमी संघ स्थापन झाला आणि सेवाग्राम त्याचे केंद्र बनले.

आता टकळीवरच्या सुताचा हिशेब पाहा. फाळक्यावरचा चार फुटांचा एक वेढा म्हणजे एक तार. १६० तारांची एक लटी. चार लट्यांची, म्हणजे ६४० तारांची, एक गुंडी. समजा, एका मुलाने ३७५ तार कातले आणि दुसऱ्याने २८५. दोघांचे मिळून किती?

पहिला पाटीवर उभी मांडणी करील, हातचे घेईल आणि ६६० लिहील. दुसरा २८५ मधले २५ काढून ३७५ ला देईल. चारशे झाले, उरले २६०, मिळून ६६०. तिसरा पाटी घेणारच नाही. दोन लट्या ५५ तार आणि एक लटी १२५ तार. तीन लट्या १८० तार. त्या १८० तारांत आणखी एक लटी भरली. म्हणजे चार लट्या, एक पुरी गुंडी, वर २० तार.

तिसऱ्याने केले काय? त्यानेही हातचाच घेतला. मात्र दहाचा नव्हे, एकशेसाठाचा. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी येईपर्यंत आपले वाडवडील सोळा आण्यांचा हातचा असाच घेत. हातचा म्हणजे भरलेली जुडी पुढच्या घरात ठेवणे. ज्या मुलाने ती जुडी स्वतः बांधली, त्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

नई तालीम सर्वत्र यशस्वी झाली, असे मी म्हणणार नाही. टकळी फिरवणे हेच जेथे सर्वस्व झाले, तेथे तेही एक घोकंपट्टीच ठरले. १९५९ मध्ये तालीमी संघ सर्व सेवा संघात विलीन झाला. पण प्रश्न संपला नाही. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’बरोबर ‘वीस एक’ असे वाचन आले, तेव्हा महाराष्ट्रभर वाद पेटला. आपण एकवीस बोलताना एक आधी म्हणतो आणि लिहिताना वीसाचा दोन आधी मांडतो. त्यात मूल गोंधळते, एवढेच गणितज्ञ मंगला नारळीकर सांगत होत्या. त्यांचा उपाय कोणाला पटो वा न पटो. संख्या मुलाला मोडता आणि जोडता यावी, हा हेतू जुन्या वर्ध्याचाच होता.

म्हणून आज घरी गेल्यावर नातवाला एक बेरीज घाला. उत्तर बरोबर आले की थांबू नका. ‘बाळ, कसे केलेस?’ असे विचारा. आणि त्याची रीत आपल्या रीतीहून निराळी निघाली, तर पाटी पुसू नका.