‘कळणे’ आणि ‘कळविणे’ : इंग्रजी क्रियापदांच्या इतिहासातील एक प्रकरण

मराठीत ‘कळणे’ व ‘कळविणे’, ‘शिकणे’ व ‘शिकविणे’, ‘समजणे’ व ‘समजाविणे’ ह्या जोड्या इतक्या उघड आहेत की, त्यांतील भेद कोणास सांगावा लागत नाही. ज्ञान होणे आणि ज्ञान करून देणे ह्या दोन क्रियांमधील सीमा येथे व्याकरणच राखते. इंग्रजीतही एके काळी अशी सीमा होती. ती पुसट झाली, आणि तिचे परिणाम केवळ कोशांपुरते राहिले नाहीत. ते कायद्याच्या परिभाषेत शिरले व त्या मार्गाने आपल्याकडील न्यायालयांपर्यंत येऊन पोहोचले.

प्राचीन इंग्रजीत ‘लेओर्नियन’ म्हणजे शिकणे व ‘लेरन’ म्हणजे शिकविणे. ‘कुन्नन’ म्हणजे जाणणे व ‘केन्नन’ म्हणजे जाणविणे. ह्यांतील ‘लेरन’ व ‘केन्नन’ ही रूपे ज्या जर्मानिक प्रत्ययाने सिद्ध झाली, तो संस्कृतातील प्रयोजकाच्या ‘अय’ प्रत्ययाचा सगोत्र होय. पुढे प्रत्यय झिजून गेला आणि धातूतील स्वरबदल एवढीच त्याची खूण उरली. ‘सिट’ व ‘सेट’ ह्यांसारख्या मोजक्या जोड्यांत ती आजही दिसते. परंतु ज्ञानवाचक क्रियापदांत ही खूण टिकली नाही. ‘लेरन’ लोपले आणि ‘लर्न’ हे एकच क्रियापद कित्येक शतके दोन्ही अर्थ वाहत राहिले. शेक्सपिअरच्या पात्रांना ते ‘शिकविणे’ ह्या अर्थाने वापरण्यात काही वावगे वाटत नाही. जॉन्सनने आपल्या 1755 च्या कोशात हा अर्थ लुप्त झाल्याचे सांगून, युरोपातील अनेक भाषांत शिकणे व शिकविणे ह्यांस एकच शब्द असल्याचे निरीक्षण जोडले आहे. ‘केन’चा प्रवास नेमका उलट दिशेने झाला. मुळात कळविणारे हे क्रियापद स्कॉटलंडात निव्वळ ‘जाणणे’ ह्या अर्थाचे होऊन बसले.

‘विट’ ह्या क्रियापदाची कथा अधिक करुण म्हणावी लागेल. संस्कृत ‘विद्’चे हे सगे भावंड. आपल्या जुन्या पत्रांतील ‘विदित व्हावे’ आणि इंग्रजी दस्तऐवजांतील ‘टु विट’ ह्यांचे मूळ एकच, हे सहसा लक्षात येत नाही. प्रयोजक प्रत्यय गेल्यावर ‘डू टु विट’ अशी साहाय्यक क्रियापदाची जोड देऊन ‘विदित करणे’ हा अर्थ साधला जाई. 1611 च्या बायबलात, करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायारंभी ही रचना आढळते. 1881 च्या सुधारित आवृत्तीत मात्र ती काढून टाकावी लागली.

घरचे शब्द असे गोंधळात पडले असता राज्यकारभाराला निश्चित शब्द हवे होते. 1066 नंतर दरबार व न्यायालय ह्यांची भाषा फ्रेंच व लॅटिन झाली होती. 1362 च्या कायद्याने न्यायालयात इंग्रजीतून युक्तिवाद करणे आवश्यक ठरविले. पण संज्ञा फ्रेंच-लॅटिनच राहिल्या. ‘इन्फॉर्म’, ‘सर्टिफाय’, ‘नोटिफाय’, ‘अ‍ॅडव्हर्टाइज’ ही कळविण्याची क्रियापदे ह्याच वाटेने आली. फारसी दरबाराच्या संपर्काने मराठीत ‘खबर’, ‘जाहीर’, ‘इत्तला’ आले, तशातलाच हा प्रकार. नवल असे की, ह्या आगंतुकांनाही जुना रोग जडला. चॉसरच्या एका काव्यात ‘नोटिफाय’ म्हणजे स्वतः ध्यानात घेणे. ‘अ‍ॅडव्हर्टाइज’चा एक जुना अर्थही लक्ष देणे असाच होता. मग तो कळविणे झाला आणि अखेर जाहिरात करणे. ‘अप्राइज’ ज्या फ्रेंच क्रियापदापासून निघाले, त्याचा अर्थ तर फ्रेंचमध्ये आजही शिकणे व शिकविणे असा दुहेरी आहे.

‘भान येणे’ ह्यासाठी इंग्रजीला एकशब्दी जुने क्रियापद फारसे उरले नाही. ‘अवेअर’ हे विशेषणच आहे. अठराव्या शतकात ‘नोटीस’ ह्या नामाचे क्रियापद रूढ होऊ लागले, तेव्हा बेंजामिन फ्रँकलिनने 1789 मध्ये नोआ वेब्स्टरला पत्र लिहून त्यावर हरकत घेतली. ती कोणी मानली नाही. ‘रिअलाइज’ म्हणजे खरे करून दाखविणे. त्याला ‘उमगणे’ हा अर्थ अमेरिकेत चिकटला, आणि ब्रिटिश टीकाकार त्यावर दीर्घकाळ नाक मुरडीत राहिले.

ह्या सर्वांत ‘नोटीस’ हे नाम विशेष विचारार्ह आहे. लॅटिन ‘नोटिशिआ’ म्हणजे माहीत असणे. इंग्रजीत ते ज्ञानही झाले आणि ज्ञापनही. मराठीने त्यातला एकच अर्थ उचलला. मराठीत नोटीस म्हणजे कागद : तो निघतो, बजावला जातो, दारावर डकविला जातो. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या तिसऱ्या कलमात मात्र जुना अर्थ जिवंत आहे. एखाद्यास गोष्ट प्रत्यक्ष ठाऊक असेल, किंवा करावयास हवी होती ती चौकशी त्याने बुद्ध्या टाळली नसती अथवा घोर हयगय केली नसती तर ती ठाऊक झाली असती, तर त्याला तिची ‘नोटीस’ आहे असे ते कलम म्हणते. 1929 मध्ये जोडलेल्या स्पष्टीकरणांनुसार, घर विकत घेणाऱ्यास त्या घराचा प्रत्यक्ष कब्जा असलेल्या माणसाच्या हक्काचीही ‘नोटीस’ असल्याचे मानले जाते. ह्या ‘नोटिशी’त कोणी कोणाला काही कळविलेले नसते. भाषांतरकाराने येथे ‘सूचना मिळाली’ असे लिहिले, तर ‘मला कोणताच कागद आला नाही’ हे खरेदीदाराचे म्हणणे मराठी वाचकाला पुरेसे उत्तर वाटेल. न्यायालयात मात्र तेवढ्याने त्याचा बचाव होत नाही.