न लागणारे दार : सुट्या भागांच्या इतिहासातील एक धडा

पिंपरीच्या संत तुकाराम नगरात आमच्या इमारतीखाली एक पिकअप उभी असते. वय तिशीच्या पुढे. मालक पहाटे चाकणच्या बाजारातून कांदा-बटाटा भरून आणतात. गेल्या पावसाळ्यात तिच्या डावीकडच्या दाराचे लॉक मोडले. हे मॉडेल बनणे केव्हाच थांबले असल्याने मूळ भाग मिळेना. म्हणून एका दुकानातून 'डुप्लिकेट' लॉक आणून बसवले. दिसायला हुबेहूब, स्क्रूची भोकेही बरोबर जुळली. पण दार नीट लागेना. जोरात आपटल्यावर 'टक्' असा एक आवाज येई, दुसरा येत नसे. दुकानदाराने तोडगा सांगितला, "आकड्याच्या खाचेवर थोडी कानस मारा, लगेच बसेल."

लगेच बसले असते, हे खरे. पण त्या दाराला टेकून मालकांचा कॉलेजात जाणारा मुलगा रोज नाशिक रस्त्याने प्रवास करतो. म्हणून कानस हातात घेण्यापूर्वी त्या लॉकच्या आत काय असते ते पाहू.

गाडीच्या खांबावर एक जाड पोलादी खुंटी असते, तिला स्ट्रायकर म्हणतात. दारातील लॉकमध्ये एक फिरता आकडा असतो. दार लोटले की खुंटी आकड्याच्या तोंडात शिरते आणि त्याला फिरवते. आकड्याच्या कडेला दोन खाचा असतात. स्प्रिंगने दाबलेली एक खिटी आधी पहिल्या खाचेत पडते, हा पहिला 'टक्'. मग दुसऱ्या खाचेत पडते, तो दुसरा. पहिली खाच ही केवळ सावधगिरी आहे. दार अर्धवट लागले तरी ते उघडू नये, एवढेच तिचे काम. अमेरिकेत जानेवारी १९६८ पासून लागू झालेल्या नियमानुसार पुरत्या लागलेल्या लॉकने गाडीच्या लांबीच्या दिशेने सुमारे ११,००० न्यूटन बल सोसले पाहिजे, म्हणजे जवळजवळ ११०० किलो वजनाची ओढ. अर्धवट लागलेल्या लॉककडून मात्र सुमारे ४,४५० न्यूटनचीच अपेक्षा आहे. अपघातात दार उघडून माणसे बाहेर फेकली जातात आणि त्यांना मृत्यूचा धोका कितीतरी वाढतो, हे १९५० च्या दशकात अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या अभ्यासातून पुढे आले होते. त्यातूनच हे नियम घडत गेले. खाचेच्या ज्या कडेवर खिटी टेकते, तीच कड कानशीने घासायची म्हणजे नेमके हे बल सोसणारी जागा बोथट करायची.

आमच्या शेजारी एक काका राहतात. चिंचवडच्या एका मोठ्या कारखान्याच्या टूलरूममध्ये फिटर म्हणून त्यांची हयात गेली. ते मला 'डॉक्टर' म्हणतात. (मी वायसीएम रुग्णालयातला डॉक्टर नव्हे, हे इमारतीतील निम्म्या लोकांना अजून पटलेले नाही.) काकांनी आधी लॉक दारातून सोडवून घेतले आणि स्क्रूड्रायव्हरने आकडा फिरवून पाहिला. "डॉक्टर, हे टेबलावरसुद्धा जड आहे. म्हणजे दाराला नंतर बघू." एका वेळी एकच शंका तपासायची, हे आपण प्रयोगशाळेत मुलांना सांगतो. काकांना ते कोणी सांगावे लागले नाही.

मग त्यांनी विचारले, "हे ड्रॉइंगवरून केलंय की नमुन्यावरून?" हा प्रश्न दोनशे वर्षांहून जुना आहे.

अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत बंदुका नमुन्यावरून बनत. एक आदर्श बंदूक समोर ठेवायची आणि कारागिराने नजरेने, कानशीने तशीच दुसरी करायची. बंदुकीचा सर्वांत किचकट भाग म्हणजे तिचा चाप. इंग्रजीत त्यालाही 'लॉक'च म्हणतात. त्यात स्प्रिंगा, खाचा, खिट्या सगळे असते, आपल्या दारासारखेच. प्रत्येक चाप स्वतंत्रपणे घासून जुळवलेला असल्यामुळे एकाची स्प्रिंग दुसऱ्याला बसत नसे. रणांगणावर एक खिटी मोडली की बंदूक कारागिराकडे न्यावी लागे.

फ्रान्समधील ऑनोरे ब्लाँ या तंत्रज्ञाने ही रीत बदलायचे ठरवले. त्याने साचे आणि मापके वापरून चापाचा प्रत्येक भाग इतका सारखा केला की कोणताही भाग कोणत्याही चापात बसावा. १७८५ साली अमेरिकेचे पॅरिसमधील वकील थॉमस जेफरसन यांनी त्याच्या कार्यशाळेला भेट दिली. ब्लाँने पन्नास चाप सुटे करून त्यांचे भाग कप्प्यांत मांडून ठेवले होते. हाताला येतील ते तुकडे उचलून जेफरसन यांनी स्वतः काही चाप जुळवले आणि ते अचूक बसले. हे त्यांनी आपल्या सरकारला पत्राने कळवले.

आपल्याकडील अनेक पुस्तकांत या कल्पनेचे श्रेय अमेरिकेच्या एली व्हिटनीला दिलेले असते. ते दुरुस्त करायला हवे. व्हिटनीने १७९८ साली दहा हजार बंदुकांचे कंत्राट घेतले आणि १८०१ मध्ये पुढाऱ्यांसमोर गाजलेले प्रात्यक्षिकही दाखवले. पण त्याच्या उरलेल्या बंदुका पुढे अभ्यासकांनी तपासल्या, तेव्हा त्यांचे भाग एकमेकांना बसत नव्हते. काम खरे केले ते हार्पर्स फेरी येथील जॉन हॉलने. १८२६-२७ मध्ये तपासणी मंडळाने त्याच्या शंभर रायफली सुट्या केल्या, भाग एकत्र मिसळले आणि पुन्हा जुळवल्या. सगळ्या जुळल्या. हॉलकडे साठांहून अधिक गेज होते.

गेज म्हणजे काय, हे कांद्याच्या प्रतवारीवरून मुलांना सहज सांगता येईल. कांदा मोठ्या जाळीतून पडला पाहिजे आणि लहान जाळीतून पडता कामा नये. 'गो' आणि 'नो-गो' गेजची हीच युक्ती. भागाचे माप नेमके किती, हे विचारायचेच नाही, ते दोन मर्यादांच्या आत आहे की नाही एवढेच पाहायचे. माझ्या मते या इतिहासातील सर्वांत मोठी उडी हीच. तोवरचा कारागीर अचूकतेच्या मागे होता. येथे चूक किती चालेल हे आधी ठरवले गेले. ही चालणारी चूक म्हणजेच कारखान्यातला 'टॉलरन्स'.

बंदुकीकडून ही विद्या मोटारीकडे आली. स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारात काम केलेला हेन्री लेलँड पुढे कॅडिलॅक मोटारी बनवू लागला. १९०८ साली इंग्लंडमध्ये त्याच्या तीन गाड्या पूर्ण सुट्या करून भागांची सरमिसळ करण्यात आली, काही भाग साठ्यातील नव्या भागांनी बदलले आणि गाड्या केवळ पाने व स्क्रूड्रायव्हर वापरून पुन्हा जोडल्या. तिन्ही गाड्या नंतर ५०० मैल धावल्या. या जोडणीत कानस वापरायला मनाई होती, हे लक्षात घ्या.

आमच्या परिसराचा इतिहासही याच क्रमाने घडला. टेल्कोने १९६६ पासून येथे काम उभारले, ते प्रथम यंत्रे आणि हत्यारे बनवण्याचे. पुण्याच्या कारखान्यातून पहिले व्यापारी वाहन बाहेर पडले ते १९७७ मध्ये, पिकअप तर १९८८ मध्ये. आधी गेज, मग गाडी. भोसरीच्या छोट्या कारखान्यांना मोठ्या कंपन्यांकडून ड्रॉइंग येई आणि आलेला माल गेजवर तपासला जाई. 'सूत' म्हणजे इंचाचा आठवा भाग, म्हणजे सुमारे ३.२ मिलिमीटर, या मापात बोलणाऱ्या घरांतली मुले अशा शॉपमध्ये मायक्रॉन बोलू लागली. काका त्यांच्यातलेच एक.

पण मॉडेल बंद पडले की ड्रॉइंगही हाती येत नाही. मग सुटे भाग करणारा कोणा भंगारातल्या गाडीचे लॉक उचलतो, मोजतो आणि त्याची नक्कल करतो. म्हणजे आपण पुन्हा ब्लाँच्या आधीच्या काळात जातो.

काकांनी आकड्याची पिन सर्क्लिप काढून बाहेर घेतली आणि मायक्रोमीटर लावला. जुन्या पिनेच्या न झिजलेल्या भागापेक्षा नवी पिन ०.०२ मिलिमीटर जाड भरली. त्यांचा तर्क असा : नमुन्यावरील जस्ताचा मुलामा कधीच उडालेला असणार. नक्कल करणाऱ्याने उघड्या पोलादाचे माप घेतले, त्याच मापाची पिन केली आणि वर मुलामा चढवला. मुलामा १० मायक्रॉन धरा. पिनेच्या दोन्ही बाजूंना मिळून व्यास २० मायक्रॉनने वाढतो. भोकाच्या आतूनही तोच थर बसतो, त्यामुळे भोक २० मायक्रॉनने आवळते. एकूण ४० मायक्रॉन, म्हणजे ०.०४ मिलिमीटर, केसाच्या जाडीच्या जवळपास निम्मे. पिनेला फिरायला ठेवलेली जागा तेवढ्यात संपली. स्वतंत्रपणे पाहिले तर ना पिन चुकीची, ना भोक, ना मुलामा. हे गणित नववीच्या वर्गात फळ्यावर करून दाखवण्यासारखे आहे.

उपाय साधा होता. पिन बारीक पॉलिश पेपरने थोडी थोडी घासली, दर वेळी मोजली. खाचांना हात लावला नाही. "शेवटी मीही घासण्यावरच आलो," काका हसले, "पण कुठं घासायचं ते मोजून." मुलामा गेल्याने पीन गंजू नये म्हणून भरपूर ग्रीस भरले. लॉक चढवल्यावर आकडा सहज फिरू लागला, तरी दार खुंटीवर किंचित घासत होते. बिजागऱ्या झिजून दार खाली आले होते, तो दोष दाराचाच. खुंटीचे स्क्रू सैल केले, दार हलकेच लावून खुंटी आपली जागा घेईल असे पाहिले, बाहेरचे हँडल ओढून धरत दार जपून उघडले आणि स्क्रू आवळले. मग दार नुसते लोटले. दोन आवाज आले.

मालकांनी पैसे विचारले तेव्हा काकांनी कॅलेंडरचे एक जुने पान मागितले. त्याच्या पाठीमागे पेन्सिलीने पिनेची आकृती काढली, व्यासापुढे दोन्ही मर्यादा लिहिल्या आणि खाली ठळक अक्षरांत 'माप मुलाम्यानंतरचे' असे लिहून पान त्यांच्या हाती दिले. "हे त्या दुकानदाराला द्या. कुठून बनवून घेतो, त्याला द्यायला सांगा."